महत्त्वाकांक्षेचे इंग्रजी कोणाचे?

रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपली की मागच्या खोलीत दहा-बारा मुली बसतात. कोणी बारावीची, कोणी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची, एक-दोघी लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या. मधोमध स्टीलच्या डब्याला टेकवून एक मोबाईल उभा केलेला असतो. त्यावर कोण्या मोठ्या कंपनीच्या मोठ्या बाईचे इंग्रजी भाषण चालू असते, खाली अक्षरे उमटत असतात आणि मुली वहीत शब्द उतरवून घेत असतात. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. परवा आम्ही तेथे गेलो तेव्हा एका मुलीच्या वहीतली एक जागा कोरी दिसली. डावीकडे 'ॲम्बिशस' लिहिलेले, उजवीकडे काहीच नाही. अर्थ सापडला नाही का, असे विचारले तर ती म्हणाली, "सर, अर्थ माहीत आहे. महत्त्वाकांक्षी. पण आमच्याकडे बाईला तसं म्हटलं की ती शिवी होते. म्हणून लिहिताना थांबले."

या कोऱ्या जागेविषयी आज लिहायचे आहे.

मुलगी खोटे बोललेली नाही. पुरुष महत्त्वाकांक्षी असला की तो कर्तबगार ठरतो. बाई महत्त्वाकांक्षी झाली की ती 'फार पुढे-पुढे करते', 'घराकडे बघत नाही', 'नवऱ्याला मोजत नाही'. हे केवळ मनुवाद्यांच्या घरात होते असे समजून आपण हात झटकू नयेत. मोर्चात सतरंज्या उचलायला, जयंतीच्या मिरवणुकीत पुढे चालायला, विहारात खीर वाटायला आपल्याला ताई हव्या असतात. त्याच ताईंनी नगरपालिकेचे तिकीट मागितले की चार जाणते कार्यकर्ते एकमेकांकडे बघून म्हणतात, 'ताई अलीकडे जरा महत्त्वाकांक्षी झाल्यात.' हा शब्द त्या वेळी कसा उच्चारला जातो हे ज्याने ऐकले आहे त्याला त्या कोऱ्या जागेचा अर्थ वेगळा सांगायला नको.

दुसरा शब्द याहून वाईट. 'बिझनेस वुमन' याचे सरळ मराठी काय? धंदा करणारी बाई! हे वाक्य एखाद्या मुलीने चारचौघांत उच्चारून बघावे. म्हणून मग 'उद्योजिका', 'व्यावसायिका' असे सोवळे शब्द शोधावे लागतात. पुरुषाने धंदा केला की तो शेठ, बाईने केला की तिची अब्रू गेली. वास्तविक आपल्या आया पिढ्यान् पिढ्या धंद्यातच आहेत. भाजीची पाटी, बोंबलाची टोपली, गोधड्या, खानावळीचे डबे, पापड, बचत गट. नफा-तोट्याचा हिशेब तोंडपाठ. फक्त त्याला धंदा म्हणायचे नाही, 'हातभार' म्हणायचे. ज्या भाषेत आपल्या कष्टाला नाव नाही त्या भाषेतून मुलगी दुसऱ्या भाषेकडे बघू लागली तर तिला दोष कसा देणार?

आता या इंग्रजी भाषणांकडे वळू. मुलींनी त्या दिवशी लावलेले भाषण शेरिल सँडबर्ग यांचे होते. त्या तेव्हा फेसबुकच्या दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकारी होत्या. २०२२ साली त्यांनी ते पद सोडले. डिसेंबर २०१० मध्ये वॉशिंग्टनला 'टेड'च्या व्यासपीठावर त्यांनी हे पंधरा मिनिटांचे भाषण केले आणि त्यातूनच पुढे २०१३ साली 'लीन इन' हे पुस्तक आले. बायका वरच्या पदांवर इतक्या कमी का, हा भाषणाचा प्रश्न. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. टेबलापाशी बसा, भिंतीकडेच्या खुर्चीवर नको. नवऱ्याला संसारात खरा भागीदार करा. आणि मूल होण्याच्या आधीच, होईल म्हणून, मनाने नोकरी सोडून बसू नका. इंग्रजी शिकणाऱ्यासाठी भाषण उत्तम. वाक्ये छोटी, उच्चार स्वच्छ, आणि शब्द रोजच्या वापरातले: निगोशिएट म्हणजे वाटाघाट करणे, अंडरएस्टिमेट म्हणजे कमी लेखणे, प्रमोशन म्हणजे बढती. 'बॉसी' हा शब्दही त्यांच्याचमुळे गाजला. हुकूम सोडणाऱ्या मुलाला पुढारी म्हणतात आणि मुलीला 'बॉसी', म्हणून हा शब्दच वापरू नका, अशी मोहीम त्यांनी २०१४ साली काढली होती. म्हणजे आपल्या मुलीच्या वहीत जी जागा कोरी राहिली ती अमेरिकेतल्या मुलीच्या वहीतही आहेच.

त्या भाषणात एका प्रयोगाची गोष्ट आहे. ती नीट समजून घेतली पाहिजे. हायडी नावाच्या एका यशस्वी उद्योजिकेची कहाणी अभ्यासासाठी लिहिलेली होती. कोलंबिया विद्यापीठातल्या प्राध्यापकाने ती दोन गटांना वाचायला दिली. एका गटाला मूळ नावाने, दुसऱ्या गटाला फक्त नाव बदलून, हायडीच्या जागी हॉवर्ड. बाकी अक्षरही बदलले नाही. विद्यार्थ्यांनी दोघांनाही सारखेच कर्तबगार ठरवले. पण हॉवर्डबरोबर काम करायला आवडेल म्हणाले आणि हायडी मात्र स्वार्थी वाटली. एका नावाने एवढा फरक!

कोलंबिया! ज्या विद्यापीठात बाबासाहेब १९१३ साली शिकायला गेले तेच हे. तेथून त्यांनी वडिलांच्या एका मित्राला पत्र लिहून मुलांबरोबर मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरला होता, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पण आम्हाला या प्रयोगावरून दुसराच एक प्रयोग आठवला आणि तो आपल्याच देशातला आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खाजगी कंपन्यांच्या जाहिराती पाहून नोकरीचे अर्ज पाठवले. पात्रता सारखी, शिक्षण सारखे, इंग्रजी सारखे. बदलले फक्त आडनाव. एक उच्चवर्णीय, एक दलित, एक मुस्लिम. दलित आणि मुस्लिम आडनावांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

आता ही दोन टाचणे एकाखाली एक ठेवा. तेथे पहिले नाव बदलले की पारडे फिरते; येथे आडनाव बदलले की फिरते. आमच्या विहारातल्या मुलीला पहिले नावही आहे आणि आडनावही आहे. सँडबर्ग बाईंच्या भाषणात पहिल्या नावाच्या अडचणीसाठी भरपूर शब्द आहेत. आडनावाच्या अडचणीसाठी एकही नाही. टेबलापाशी बसा हे ठीक, पण ज्या इमारतीत टेबल आहे तिच्या दारावरचा माणूस आधी आडनाव विचारतो, त्याचे काय? हा आक्षेप आमचा एकट्याचा नाही. बेल हुक्स या काळ्या लेखिकेने २०१३ मध्येच लिहून ठेवले की हे तत्त्वज्ञान वरच्या थरातल्या गोऱ्या बायकांच्या सोयीचे आहे. मिशेल ओबामांनी २०१८ साली ब्रुकलिनच्या भरसभेत सांगितले की नुसते पुढे सरसावून दर वेळी भागत नाही. त्यांनी ते कोणत्या शब्दांत सांगितले ते येथे छापता येणार नाही, पण मुलींनी ती ध्वनिफीत जरूर ऐकावी. इंग्रजीत राग कसा व्यक्त करतात हाही शब्दसंग्रहाचाच भाग आहे.

आपल्याकडच्या मोठ्या बाईचे उदाहरण द्यायचे तर इंद्रा नूयी यांचे नाव येते. २००६ ते २०१८ त्या पेप्सिकोच्या प्रमुख होत्या. अध्यक्षपदाची बातमी घेऊन रात्री घरी आल्या तर आईने आधी दूध आणायला पिटाळले आणि तुझा मुकुट गॅरेजमध्ये ठेवून ये म्हणून सुनावले, ही गोष्ट त्यांनी २०१४ साली ॲस्पेनच्या एका कार्यक्रमात सांगितली. मुली खळखळून हसल्या. त्यातली एक म्हणाली, "आमच्याकडं गॅरेजच नाही, मुकुट ठेवायचा कुठं?" विनोद सोडून द्या. नूयी यांची कर्तबगारी कोणी नाकारणार नाही. परंतु मद्रासचे ब्राह्मण घर, कॉन्व्हेंट शाळा, मग आयआयएम, मग येल. त्यांचे इंग्रजी वहीत शब्द लिहून आलेले नाही. ते घरातल्या पाण्यासारखे होते.

मग कोणाचे भाषण ऐकावे? आम्ही मुलींना एक नाव सुचवले. मॅडम सी. जे. वॉकर.

या बाईचे मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. जन्म १८६७, अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात, कापसाच्या मळ्यावर. आई-बाप गुलाम म्हणून राबलेले. घरातले स्वतंत्र म्हणून जन्मलेले हे पहिले मूल. सातव्या वर्षी पोरकी झाली, चौदाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी पदरात एक मुलगी आणि नवरा मेलेला. सेंट लुईस शहरात वर्षानुवर्षे लोकांची धुणी धुतली. शाळा म्हणाल तर सगळी मिळून तीन महिने, असे ती स्वतःच सांगे. पुढे केसांसाठी मलम आणि तेले तयार करून दारोदार विकली आणि १९१० साली इंडियानापोलिसला कारखाना काढला. हजारो काळ्या बायका तिच्या विक्रेत्या झाल्या. स्वतःच्या हिमतीवर दहा लाख डॉलरची धनीण झालेली अमेरिकेतली पहिली बाई, अशी तिची गिनेस बुकात नोंद आहे. नेमका आकडा काय होता यावर अभ्यासकांत वाद आहे, तो आपण सोडू.

१९१२ च्या ऑगस्टमध्ये शिकागोला काळ्या व्यापाऱ्यांची राष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्ष बुकर टी. वॉशिंग्टन, त्या समाजाचे सर्वांत वजनदार पुढारी. मॅडम वॉकरने बोलायला वेळ मागितला. दिला नाही. पुन्हा मागितला, पुढाऱ्यांनी तिकडे पाहिलेच नाही. चळवळीतल्या ताईंना हे दृश्य ओळखीचे वाटेल. शेवटच्या दिवशी ती उठून उभी राहिली आणि परवानगीची वाट न पाहता बोलू लागली. आपण दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून आलो आहोत, असे तिने सांगितले. तेथून धुण्याच्या टबापर्यंत बढती मिळाली. तेथून स्वयंपाकघरापर्यंत बढती मिळाली. आणि तेथून पुढे मात्र आपण स्वतःच स्वतःला बढती दिली, केसांच्या औषधांचा धंदा उभारला आणि स्वतःच्या जागेवर स्वतःचा कारखाना बांधला. पुढच्या वर्षीच्या परिषदेत त्याच वॉशिंग्टन यांनी तिचे व्यासपीठावर स्वागत केले.

या लहानशा भाषणात इंग्रजीचे जे शिक्षण आहे ते शंभर रुपयांच्या 'तीस दिवसांत इंग्रजी' पुस्तकात नाही. 'प्रमोट' हाच शब्द घ्या. आपल्या घरांत तो चांगलाच माहीत आहे. प्रमोशन म्हणजे ऑफिसातली बढती. तिच्यातल्या आरक्षणासाठी १९९५ ची सत्याहत्तरावी घटनादुरुस्ती झाली, २००६ चा नागराज खटला झाला, किती मोर्चे निघाले. आपल्यासाठी हा शब्द कायम दुसऱ्याच्या सहीने मिळणारी गोष्ट राहिला. वॉकर बाईने तोच ऑफिसचा शब्द उचलला आणि धुण्याच्या टबाला लावला. टबापासून चुलीपर्यंत जाणे ही बढती! यात उपहास आहे, दुःखही आहे. आणि मग तिने क्रियापदाचा कर्ताच बदलला. आतापर्यंत कोणीतरी तिला बढती देत होते. आता ती स्वतःला देते. व्याकरणात ज्याला कर्मणी आणि कर्तरी म्हणतात तो धडा इतक्या सोप्या रीतीने कोणी शिकवला असेल असे आम्हाला वाटत नाही. वऱ्हाडात कापूस वेचणाऱ्या बाईच्या मुलीला 'कॉटन फील्ड' या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही.

हे नाते आजचे नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. तेव्हा ही सारा पाच वर्षांची होती. १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव तिकडूनच घेतले. परंतु आपण तिकडच्या पुढाऱ्यांची नावे पाठ केली, तिकडच्या धोबिणीचे नाव आपल्याला कोणी सांगितले नाही. वॉकर बाई नुसती श्रीमंत होऊन बसली नाही हेही मुलींना सांगावे. काळ्या लोकांना जमावाने ठार मारण्याच्या प्रकारांविरुद्ध १९१७ साली जे शिष्टमंडळ व्हाइट हाऊसवर गेले त्यात ती होती. मृत्यू १९१९ मध्ये. त्याच वर्षी या लढ्यासाठी तिने पाच हजार डॉलर दिले. आणखी एक गोष्ट. धंदा वाढल्यावर तिने एका शाळामास्तरीणबाईंना कारखान्यात कामाला घेतले आणि त्यांच्याकडून आपली भाषा सुधारून घेतली. मालकीण झाल्यावर, चाळिशी उलटल्यावर! इंग्रजी येत नाही म्हणून कोपऱ्यात बसणाऱ्या आपल्या ताईंनी हे ऐकावे.

आता काही मित्र म्हणतील, हे भांडवलदारांचे कौतुक आंबेडकरी दैनिकाने करावे काय? ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांसमोर बजावले नव्हते काय? बजावले होते. ते आम्ही विसरलेलो नाही. पण त्याच बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, आणि बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला आल्यावर शेअर आणि रोखे यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसायही सुरू करून पाहिला, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तो चालला नाही. का चालला नाही? सल्ला चुकीचा होता म्हणून नव्हे. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. कोलंबियाचे शिक्षण होते, इंग्रजी तर असे होते की इंग्रजांनी मान डोलवावी. तरीही दुकान बंद पडले. म्हणून इंग्रजी आले की सगळे मिळते, असा प्रचार करणाऱ्या क्लासवाल्यांवर आमचा विश्वास नाही. पण इंग्रजी न येता काय मिळते तेही आपण रोज पाहतो. सरकारी जागा कंत्राटात गेल्या, खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न इंग्रजीत येतो.

याचसाठी दुसरे नाव कल्पना सरोज यांचे. अकोला जिल्ह्यातले रोपरखेडा, वडील पोलीस शिपाई, बाराव्या वर्षी लग्न, मुंबईच्या झोपडपट्टीत सासर आणि तेथला छळ. वडिलांनी परत आणले. सोळाव्या वर्षी पुन्हा मुंबईला येऊन कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागल्या. पुढे मागासवर्गीयांसाठीच्या योजनेतून पन्नास हजारांचे कर्ज काढले, शिलाईचे काम आणि फर्निचरचे दुकान टाकले. कमानी ट्यूब्ज हा कुर्ल्याचा कारखाना न्यायालयाच्या आदेशाने कामगारांच्या हाती गेला होता आणि नंतर शंभर कोटींहून अधिक कर्जात बुडाला होता. २००० साली कामगार त्यांच्याकडे आले, २००६ साली त्या अध्यक्ष झाल्या आणि कारखाना उभा राहिला. २०१३ साली पद्मश्री मिळाली. त्यांची हिंदी-मराठी भाषणे मोबाईलवर सापडतात. आमची सूचना अशी की मुलींनी त्यातली पाच मिनिटे ऐकावीत आणि ती स्वतः इंग्रजीत लिहावीत. दुसऱ्याची यशोगाथा मराठीत आणणे आपण खूप केले. आपली गोष्ट इंग्रजीत नेताना शब्द शोधावे लागतात, आणि शोधलेला शब्द विसरत नाही. थकलेले पगार म्हणजे 'एरियर्स', देणेकरी म्हणजे 'डेटर', घेणेकरी म्हणजे 'क्रेडिटर', आजारी कारखाना म्हणजे खरोखरच 'सिक युनिट'. माणसासारखा कारखानाही आजारी पडतो, हे इंग्रजी कायद्याने मान्य केले आहे.

'क्रेडिट' या शब्दापाशी मुलींचा अर्धा तास गेला आणि तो वाया गेला नाही. श्रेय म्हणजेही क्रेडिट, उधारी म्हणजेही क्रेडिट, आणि बँकेतली पत म्हणजेही क्रेडिट. तिन्हींचे मूळ एकच, विश्वास ठेवणे. लॅटिनमधून आलेला शब्द आहे. आपल्या आजीला गावच्या दुकानदाराने उधार दिले नाही, याचा अर्थ तिच्यावर विश्वास नव्हता असा नाही. तिला पत असू शकते हेच त्याला मान्य नव्हते. आणि 'कर्ज काढणे' याला इंग्रजीत काय म्हणतात असे विचारल्यावर एकीने चाचरत 'टेक आऊट अ लोन' असे म्हटले. मराठी शब्दशः उलथवले म्हणून बाकीच्या हसल्या. पण ते बरोबर आहे! इंग्रजही कर्ज काढतोच. फेडणे मात्र 'पे ऑफ' किंवा 'रिपे'. असे शब्द जोडीनेच शिकावेत. नुसता 'लोन' पाठ करून बँकेच्या खिडकीपाशी वाक्य होत नाही.

या खिडकीवरच खरी परीक्षा आहे. 'स्टँड अप इंडिया' ही योजना २०१६ साली आली आणि तिची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. दहा लाख ते एक कोटीपर्यंत कर्ज. प्रत्येक बँक शाखेने 'ॲट लीस्ट' एक अनुसूचित जाती किंवा जमातीचा आणि 'ॲट लीस्ट' एक महिला कर्जदार घ्यायचा, असा नियम होता. 'ॲट लीस्ट' म्हणजे किमान. त्याच्या शेजारीच शब्दकोशात 'ॲट मोस्ट' आहे, म्हणजे जास्तीत जास्त. आमची शाखा एकाला देऊन मोकळी झाली, असे साहेबाने सांगितले की मुलीने कोणत्या शब्दावर बोट ठेवायचे, हे तिला कळले पाहिजे. आणि 'किंवा' कोठे आहे, 'आणि' कोठे आहे, हेही. जाती आणि जमाती दोघांत मिळून एक, असा त्या 'किंवा'चा अर्थ होता. दोन अक्षरांच्या 'ऑर'मध्ये एका माणसाची जागा गेली! सरकारी खरेदीचे धोरण २०१२ चे आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून चार टक्के खरेदीचे उद्दिष्ट आहे आणि २०१८ मध्ये महिला उद्योजकांसाठी तीन टक्के वाढवले. आपली बाई दोन्हींत बसते. पण टेंडरचा कागद इंग्रजीत असतो. 'अर्नेस्ट मनी' म्हणजे प्रामाणिक पैसा नव्हे, ती बयाणा रक्कम. 'कोलॅटरल' म्हणजे तारण. 'टर्नओव्हर' म्हणजे उलाढाल, नफा नव्हे. मोठ्या बायकांच्या भाषणांत हे शब्द फारसे येत नाहीत, कारण त्यांच्यासाठी ते दुसरे कोणीतरी वाचते.

शिकण्याची रीत कशी असावी याविषयी थोडे. बीबीसीचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' नावाचा कार्यक्रम आहे. दोन निवेदक एखाद्या विषयावर गप्पा मारतात, सुरुवातीला एक प्रश्न टाकतात, आणि शेवटी त्यातले सहा-सात शब्द पुन्हा घोकून घेतात. आम्हाला त्यातला संयम आवडतो. सहा मिनिटांत सहा शब्द. आमच्या मुली एका भाषणातून चाळीस शब्द उतरवतात आणि बुधवारपर्यंत अडतीस विसरतात. त्यापेक्षा भाषण आधी खालची अक्षरे बंद करून ऐकावे, मग अक्षरे लावून, मग बोलणाऱ्या बाईच्या मागोमाग मोठ्याने म्हणावे. विहारात मोठ्याने इंग्रजी बोलायला लाज वाटते, हे आम्हाला माहीत आहे. बाहेर ओट्यावर बसलेली पोरे नक्कल करतात. त्या पोरांनाही आत बसवावे, एवढाच उपाय. आणि प्रत्येक शब्दाचे वाक्य आपल्या घरातले असावे. 'माय मदर रन्स अ बिझनेस.' आईच्या भाजीच्या गाडीसाठी हे वाक्य लिहिताना एका मुलीने पेन खाली ठेवले आणि विचारले, "हे खरं धरायचं का?" धरायचे. 'रन' याचा येथे अर्थ पळणे नाही, चालवणे. ती गाडी आईच चालवते.

मराठीचा अभिमान बाळगणारे काही जण यावर नाराज होतील. त्यांना एवढेच सांगायचे की इंग्रजी शिकण्याचा आग्रह सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'मधल्या कवितेत धरला आहे, आणि तो त्यांनी मराठीत धरला आहे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, त्यांना फारसी घ्यावी लागली. इंग्रजीच्या दारावर निदान सोवळ्याचा पहारा नव्हता. फीचा पहारा मात्र होता, आणि आज तो अधिक कडक आहे. मोबाईलने त्यात थोडी फट पाडली आहे इतकेच. आणि शब्दांची वाहतूक एकाच दिशेने होते असेही नाही. 'कास्ट' हा शब्द पोर्तुगीजांकडून इंग्रजीत गेला आणि कित्येक वर्षे शब्दकोशात नुसता पडून होता. २०२३ साली सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली तेव्हा तो अमेरिकेतल्या ऑफिसांच्या नियमांत जाऊन बसला. तेथे गेलेल्या आपल्या माणसांनी तो नेला. हायडी-हॉवर्डच्या भाषणात जो शब्द नाही तो बोलणारी बाई उद्या आपल्यातूनच व्यासपीठावर जाईल, तेव्हा तिकडच्या मुली वहीत लिहून घेतील.

'ॲम्बिशस'चे मूळ आम्ही शोधले. लॅटिनमध्ये 'फिरणे' असा धातू आहे. रोममध्ये निवडणुकीला उभा राहिलेला माणूस मते मागत गल्लीबोळ फिरे, त्यावरून हा शब्द निघाला. रोमच्या बायकांना मत नव्हते, म्हणजे त्या फिरण्यात त्यांना जागाच नव्हती. आपल्या बायकांना ती जागा घटनेने पहिल्या निवडणुकीपासून दिली. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की समाजाची प्रगती ते त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. तिकीट मागणाऱ्या ताईंविषयी कुजबुजणाऱ्यांनी हे माप एकदा स्वतःच्या शाखेला लावून पाहावे.

आम्ही निघालो तेव्हा त्या मुलीच्या वहीतली जागा अजून कोरीच होती. ती म्हणाली, आईला विचारून लिहीन. येत्या रविवारी मॅडम वॉकर यांचा पाठ आहे. मोबाईलचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. वस्तीत कोणाकडे जुना स्पीकर पडून असेल तर सकाळी नऊच्या आत विहारात आणून द्यावा.